जागतिक सेनेला जाब कोण विचारणार?

सुपरहिरोंच्या कथांमधली जागतिक सेना ही आजच्या करमणुकीतली सगळ्यात घातक थाप आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस हवेत उडत नाही, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या थापेने कुणाचं काही बिघडत नाही. पण साऱ्या जगाच्या नावाने लढणारी, कुठल्याही संसदेला किंवा न्यायालयाला न बांधलेली आणि तरीही दरवेळी बरोबरच ठरणारी सेना असू शकते, हे पोरांना खरं वाटतं. नुसतं खरं नव्हे, हवंसं वाटतं. माझं भांडण आहे ते याच्याशी.

या कथांचा साचा ठरलेला आहे. इतिहास कुठेतरी वळवायचा. दुसरं महायुद्ध वेगळं संपवायचं, नाहीतर शीतयुद्धात एखादा अतिमानव आणून उभा करायचा. मग देशोदेशीची सरकारं नालायक ठरतात आणि त्यांच्या डोक्यावर एक आंतरराष्ट्रीय लष्करी कमांड येऊन बसते. तिचं मुख्यालय आणि सेनापती बहुतेक वेळा अमेरिकेचे. बाकीचं जग असतं ते वाचवून घ्यायला, किंवा लढाईत पडायला. सगळा इतिहास उलटापालटा करण्याची मुभा असलेल्या लेखकाला हुकूम कोण देतो एवढीच एक गोष्ट बदलावीशी वाटत नाही, हे मला अक्षम्य वाटतं.

कळवण तालुक्यातल्या एका शाळेच्या हस्तलिखितासाठी आलेल्या गोष्टी वाचून निवडून द्यायचं काम यंदा माझ्याकडे होतं. नववीतल्या एका मुलाने दहा पानी गोष्ट लिहिली होती. 1971 चं युद्ध संपतच नाही, आकाशातून शत्रू उतरतो आणि ‘विश्व रक्षा दल’ नावाची सेना उभी राहते. कमांडर जॅक्सन न्यूयॉर्कहून विमानाने येतो. त्या विमानाचं चित्र निळ्या स्केचपेनने मन लावून काढलेलं, पंखाखालची क्षेपणास्त्रंसुद्धा एकेक करून दाखवलेली. शेवटची लढाई आपल्याच भागात, सप्तशृंगीच्या डोंगरापासून चणकापूरपर्यंत. आणि मग हे वाक्य : ‘या लढाईत चणकापूर धरण फुटले, पण शत्रू ठार झाला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.’

मुलगा अभोण्याचा. गिरणेच्या काठावरचा, धरणाच्या खालच्या अंगाचा. मी त्याला बोलावून विचारलं, “धरण फुटल्यावर अभोण्याचं काय झालं रे?” तो गोंधळला. म्हणाला, “सर, ते गोष्टीत नाहीये.”

दोष त्या पोराचा नाही. विमानाला दीड पान आणि स्वतःचं गाव बुडवणाऱ्या धरणाला अर्धं वाक्य हे माप त्याने मनाने काढलेलं नाही, मोबाइलच्या पडद्यावरून शिकून घेतलं आहे. शहर कोसळतं, कॅमेरा नायकाच्या चेहऱ्यावर जातो आणि ढिगाऱ्याखालच्यांची नावं कुणी विचारत नाही. शेकडो वेळा हे पाहिलेल्या मुलाने आपलं घर वाहून जाताना टाळ्या वाजवल्या, तर त्यात नवल काय?

आणि हे कळवणमध्ये घडावं याचा मला जास्त संताप येतो. हा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्रातला. वरून निर्णय येतात आणि खालच्याने जागा खाली करायची असते, हे इथल्या आदिवासी घरांना कुणी शिकवायला नको. जमीन घेण्याआधी ग्रामसभेला विचारा, हे कायद्यात यायला 1996 साल उजाडलं, आणि त्या पेसा कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून माणसं अजून कचेऱ्यांचे उंबरे झिजवताहेत. ‘आम्हाला विचारलं का?’ हा प्रश्न इथे आयुष्यभर पुरतो. तोच प्रश्न आमच्या पोरांच्या कल्पनेतून पुसला जातो आहे.

या प्रकारातल्या शहाण्या लेखकांनी धोक्याची घंटा कधीच वाजवली होती. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ 1986-87 मध्ये आलं. त्यात एका अतिमानवाच्या जोरावर अमेरिका व्हिएतनाम जिंकते आणि निक्सन 1985 मध्येही राष्ट्राध्यक्षपदावर असतो. त्याच पुस्तकात विजयानंतर एक अमेरिकन वीर आपल्यापासून गरोदर राहिलेल्या व्हिएतनामी बाईला गोळी घालतो, आणि अणू-रेणू हलवू शकणारा तो अतिमानव जवळ उभा राहून बघत राहतो. शक्ती अमर्याद असली म्हणजे विवेक येतोच असं नाही, हे मूरने एका प्रसंगात दाखवून दिलं. मागून आलेल्यांनी त्याच्याकडून अंधार आणि मुखवटे घेतले, हा प्रसंग मात्र सोडून दिला.

2016 चा ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ घ्या. नायकांच्या कारवायांत सामान्य माणसं मरतात म्हणून 117 देश करार करतात : यापुढे ही मंडळी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली काम करतील. मागणी रास्त आहे. पण चित्रपटाचं मन आहे ते सही न करणाऱ्या नायकाकडे. आमचे हात सगळ्यात सुरक्षित, असं तो म्हणतो आणि थिएटर त्याच्या बाजूचं होतं. 117 देशांचं म्हणणं अडगळ ठरतं. पुढच्या चित्रपटांत तो करारही हळूहळू बाजूला पडला.

‘अहो, करमणूक आहे ती, एवढं काय मनावर घेता?’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. मी मनावर घेणार. कारण खरी आंतरराष्ट्रीय कमांड कशी असते हे आपल्याकडच्या माणसाने करून दाखवलं आहे, आणि त्याची एक ओळ आमच्या मुलांपर्यंत पोहोचलेली नाही.

27 जुलै 1953 ला कोरियात युद्धबंदी झाली. बोलणी अडकली होती ती कैद्यांवरून. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने धरलेले साडेबावीस हजारांच्या आसपास चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. पलीकडे असेच साडेतीनशेवर होते. त्यांचा निवाडा करायला भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते जनरल थिमय्या. कैद्यांचा ताबा घ्यायला भारताने सुमारे सहा हजार सैनिकांचं दल पाठवलं आणि त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे.

या दलाची परिस्थिती बघा. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांचं पाऊल आपल्या भूमीवर पडू द्यायला नकार दिला, म्हणून जवानांना इंचॉनच्या बंदरातून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथे त्यांनी ‘हिंद नगर’ वसवलं. नियम असा की, कैद्याने परत जावं म्हणून किंवा जाऊ नये म्हणून बळ वापरायचं नाही, धाकही दाखवायचा नाही. तळांच्या आत कैद्यांच्याच टोळ्यांचं राज्य, बाहेर दोन्ही बाजूंचे शिव्याशाप.

सप्टेंबरमध्ये चवताळलेल्या कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला तारांच्या आत ओढून ओलीस धरलं. थोरात स्वतः आत गेले. भोवती हजारो माणसं, भाषा परकी. ते बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, आणि ग्रेवालांना सोडवून आणलं. मात्र सगळे दिवस असे गेले नाहीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला भारतीय पहाऱ्यातून गोळीबार झाला आणि काही कैदी मेले. मी ते लपवणार नाही, कारण माझा मुद्दाच तो आहे : त्या मृत्यूंची नोंद आयोगाच्या दप्तरी झाली, त्याबद्दल जगाने भारताला धारेवर धरलं, आणि भारताला उत्तर द्यावं लागलं. जानेवारी 1954 मध्ये मुदत संपत आली तेव्हा थिमय्यांनी कैद्यांना परस्पर मोकळं केलं नाही. तो अधिकार आपला नाही म्हणत त्यांनी ज्याचे कैदी त्याच्या ताब्यात परत दिले. कोणत्याच बाजूला जायचं नाही म्हणणारे 88 जण आपल्या जवानांबरोबर जहाजाने भारतात आले. त्यांतले बरेचसे पुढे ब्राझील-अर्जेंटिनात जाऊन स्थिरावले.

ही आहे जागतिक सेना. हात बांधलेली, शिव्या खाणारी, प्रत्येक गोळीचा हिशेब देणारी.

याच्या उलटं चित्रही आपल्याच शेजारी आहे. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनिओ नदीवर लढले. जखमींना गोळ्यांच्या वर्षावात नदीपार पोहोचवून ते एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. ते ज्या आठव्या आर्मीत लढले तिच्यात ब्रिटिश, पोलिश, न्यूझीलंडचे, कितीतरी देशांचे लोक होते. पण भारत या युद्धात आहे, हे व्हाइसरॉयने 1939 मध्ये लोकप्रतिनिधींना न विचारता जाहीर करून टाकलं होतं. नामदेवांच्या शौर्याला तोड नाही. त्यांच्या देशाला मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि कितीही पराक्रम केला तरी तो अन्याय भरून निघत नाही.

खऱ्या आंतरराष्ट्रीय दलांचे पराभवही मला माहीत आहेत. रवांडात 1994 मध्ये कत्तल सुरू असताना संयुक्त राष्ट्रांनी आपलं दल वाढवायच्या ऐवजी कापलं. स्रेब्रेनिकात 1995 मध्ये डच तुकडीच्या डोळ्यांदेखत माणसं नेली गेली. आठ हजारांवर मारली गेली. पण तिथे अतिमानव कमी पडला नव्हता. माणसं पाठवायची, अधिकार द्यायचे, वेळेवर निर्णय घ्यायचा, हे ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं नाही. त्यांना जाब विचारायचा सोडून आपण पोरांना शिकवतो की, एखादा बलदंड येईल आणि सगळं निस्तरेल. अशा माणसाची वाट बघणारा समाज हुकूमशहाला दार उघडून देतो.

ताकद कशी वापरावी, हे आमच्या कळवणकडच्या डोंगरातल्या माणसांनी दाखवलेलं आहे. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या किसान मोर्चात कळवण-सुरगाण्याची हजारो माणसं होती, फाटक्या चपलांनी, रक्ताळलेल्या पायांनी. वनजमिनीचे हक्क मागायला निघालेले हे लोक मुंबईच्या वेशीवर पोहोचले, तेव्हा दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण नको म्हणून दिवसभर चाललेल्या त्या माणसांनी विश्रांती सोडली आणि रात्रीतून चालत आझाद मैदान गाठलं. शहर वेठीला धरण्याइतकी ताकद हाती असताना त्यांनी आधी वाटेतल्या पोरांचा विचार केला. माझ्या लेखी कुठल्याही कमांडरपेक्षा ही माणसं मोठी आहेत.

बदललेला इतिहास मराठीत लिहिता येत नाही, असंही कुणी म्हणू नये. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिलं. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली, एवढाच एक बदल केला, आणि मग त्यातून राज्यकारभार, कंपनीची सत्ता, लोकशाही कशी वेगळी घडली असती याचा हिशेब मांडला. कुणाला अचाट शक्ती दिली नाही. कार्यकारणभाव मात्र एकही पायरी न सोडता पाळला.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांना, बालसाहित्य लिहिणाऱ्यांना आणि माझ्या शिक्षक बांधवांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सुपरहिरो लिहा, जागतिक सेना लिहा, हवा तसा इतिहास वळवा. पण त्या सेनेला हुकूम कुणी दिला, तिचा खर्च कोण करतं आणि धरणाखालच्या गावाला कुणी विचारलं, हे पानावर आलंच पाहिजे. शाळेच्या ग्रंथालयात थोरातांवरचं एखादं पुस्तक ठेवा, कोरियाचा तो हिवाळा वर्गात सांगा. आणि मुलं गोष्ट लिहून घेऊन येतील तेव्हा लढाई कोण जिंकलं याच्याआधी कोण मेलं ते विचारा.