शिरोमर्म आणि आपली मर्यादा

चरकाचार्यांनी हृदय, बस्ती आणि शिर ही तीन मर्मे प्रधान मानली. सुश्रुताचार्यांनी मस्तक व मानेच्या सांध्यावरील कृकाटिका मर्माला आघात झाल्यास डोके डळमळते, अशी नोंद केली. या वचनांचा आपण अभिमान बाळगतो. परंतु शिरोमर्म धोक्यात असलेला रुग्ण दारी आला असता आपण त्याला ओळखतो का, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

मेंदूच्या मागील भागात काही व्यक्तींमध्ये रक्तवाहिन्यांचा विकृत गुंता असतो. आधुनिक वैद्यक त्यास एव्हीएम म्हणते. तेथे धमन्या केशवाहिन्यांच्या जाळ्याविना थेट सिरांना मिळतात. धमनीतील दाब सिरांच्या पातळ भिंतींना सोसवत नाही आणि गुंता फुटू शकतो. मेंदूतील अशा गुंत्यांना दरवर्षी साधारण 2 ते 4 टक्के रक्तस्रावाचा धोका असतो. लघुमस्तिष्क व मस्तिष्कस्तंभ यांच्या परिसरातील गुंते संख्येने थोडे. पण तो कप्पा अरुंद आहे. तेथे रक्त साचल्यास मस्तिष्कस्तंभावर दाब येतो, मस्तिष्कजलाचा मार्ग अडतो आणि काही तासांत प्राण जाऊ शकतो.

असा रुग्ण कित्येकदा प्रथम आपल्याकडेच येतो. देवबाग वा आचऱ्याचा तिशीतला मासेमार डोक्याच्या मागे अकस्मात उठलेली विलक्षण वेदना, वांती, भोवळ आणि तोल जाणारी चाल घेऊन आला, तर 'उन्हाने पित्त खवळले' किंवा 'मान धरली' ही निदाने जिभेवर तयार असतात. घरच्यांनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते आपण सूतशेखर देऊन 'उद्या या' म्हणणे. अशा अवस्थेत वमन देणे अथवा मान मळणे तर सर्वथा वर्ज्य होय.

यावरील उपचार तज्ज्ञांचेच काम आहे. 1986 साली स्पेट्झलर व मार्टिन यांनी गुंत्याचा आकार, स्थान आणि सिरांचा निचरा यांवरून प्रतवारी ठरविली. त्यानुसार शस्त्रक्रिया, नलिकेद्वारे गुंता बुजविणे किंवा गामा नाइफसारखी किरणचिकित्सा निवडली जाते. किरणांनी गुंता बंद होण्यास बहुधा 2 ते 3 वर्षे लागतात व तोवर धोका कायम राहतो. न फुटलेल्या गुंत्यांविषयी 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 'अरुबा' अभ्यासात हस्तक्षेपापेक्षा केवळ वैद्यकीय देखरेखीत मृत्यू व पक्षाघात कमी आढळले. त्या अभ्यासावर आक्षेपही आहेत. मात्र देखरेख म्हणजे आपल्या काढ्याने गुंता विरघळणे नव्हे. तसा दावा करण्यास आज कोणताही आधार नाही.

रुग्ण पुढे पाठविला की तो हातचा जातो आणि शास्त्राची प्रतिष्ठा उणावते, असे काही वैद्यमित्र म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. पक्व गुल्माची शल्यक्रिया हा धन्वंतरी संप्रदायाचा अधिकार आहे, असे कायचिकित्सेच्या आचार्यांनीच सांगितले. चरकांची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली काय?

मालवणहून कुडाळ, बांदा, पत्रादेवी ओलांडून बांबोळी गाठावयाची, की घाट चढून कोल्हापूर, हे ऐनवेळी ठरविण्यात मोलाचे तास जातात. म्हणून जवळचे सीटी स्कॅन केंद्र कोठे आहे, हे प्रत्येकाने आधीच टिपून ठेवावे. राज्यात 2014 पासून सुरू असलेली 108 क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी. सोबतच्या चिठ्ठीत वेदना सुरू झाल्याची वेळ, रक्तदाब, शुद्धीची अवस्था आणि दिलेली औषधे स्वच्छ लिहावीत.

उपचारानंतर तोच रुग्ण गावी परततो. त्याचा तोल सावरणे, मलावरोध टाळणे, पथ्य सांभाळणे, रक्तदाबावर लक्ष ठेवणे, हे सारे तज्ज्ञांच्या सल्ल्याने आपण करू शकतो. त्यासाठी तो जिवंत परतावा लागतो. ते पुष्कळदा आपल्या पहिल्या निर्णयावर अवलंबून असते.