मान खाली घालून

गावाकडचे फोटो काढायला अजून फिल्मचा कॅमेरा कशाला, असं कुणी विचारलं की बहुतेक जण जुन्याच्या प्रेमाबद्दल बोलतात. माझं कारण त्याहून साधं आहे: उंची. याशिका मॅट १२४जी हा दोन भिंगांचा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून काचेत बघायचं. समोरच्याला आपल्यावर काही रोखलंय असं वाटत नाही, आणि खुरपायला बसलेल्या बाईचा फोटो उभ्या माणसाच्या नजरेतून निघत नाही. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्याची सवय होते.

खरी कसोटी गुऱ्हाळात. दिवाळीनंतर करवीर-पन्हाळ्याकडे गुऱ्हाळं पेटली की आत अंधार, पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप, काहिलीवर पांढरी वाफ आणि चुलवाणात चिपाडं सारणारा गडी जाळाच्या उजेडात. १२४जीचा मीटर पाऱ्याच्या सेलवर चालायचा. ते सेल आता बनत नाहीत. फारसं बिघडत नाही, कारण वाफेपुढे मीटर फसतोच. वाफेचा पांढरेपणा बघून तो उजेड भरपूर आहे म्हणतो आणि माणसाचा चेहरा कोळसा होतो. म्हणून अंदाज चेहऱ्यावरच्या सावलीचा घ्यावा आणि उजेड थोडा जास्तच द्यावा. निगेटिव्ह जास्तीचा उजेड पोटात घालते, कमी पडलेला नाही. ४०० आयएसओच्या फिल्मवर भिंग पूर्ण उघडं, १/१५ सेकंद. या कॅमेऱ्यात आरसा आपटत नाही, त्यामुळे पट्टा मानेत ताणून धरला की एवढ्या संथ शटरलाही हात पुरतो.

रिळात १२ फोटो. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो, तिथवर निम्मे तरी शिल्लक हवेत. तो ‘उतरा’ म्हणाला की सगळे काहिलीकडे धावतात. तेव्हा रीळ बदलत बसणाऱ्याला कुणी विचारत नाही, उलट वाटेतून हाकलतात. हाकलावंच.

पोरं मात्र कॅमेऱ्याची पाठ बघायला जमतात. ‘दाखवा की फोटू!’ रीळ धुवायचंय म्हटलं की त्यांचा रस संपतो, म्हाताऱ्यांचा वाढतो.

काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये ताज्या गुळाचा पिवळा रंग जातो, हे मात्र मान्य. त्यासाठी मी खिशातला मोबाइल काढतो.