डोळ्यांसमोरचा पिवळा दिवा

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे येणारी एखादी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पाहावी. दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेली, टायर हौसेने बदललेले आणि चालकासमोर ‘एबीएस’चा पिवळा दिवा अखंड तेवत असलेला! हा दिवा डोळ्यांना खुपतो म्हणून काही ठिकाणी त्याचा बल्बच काढला जातो. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखाच हा प्रकार आहे.

एबीएस म्हणजे चाके जाम होऊ न देणारी ब्रेकप्रणाली. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारा सेन्सर चाक जाम होऊ लागल्याचे कळवतो; नियंत्रक ब्रेकचा दाब क्षणभर सैल करून पुन्हा वाढवतो. त्यामुळे जोराचा ब्रेक लावूनही गाडी वळवता येते. ‘बॉश’ने १९७८ साली ही इलेक्ट्रॉनिक प्रणाली मर्सिडीज मोटारीत आणली. भारतात सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची होण्यास एप्रिल २०१९ उजाडावे लागले.

जुन्या गाडीत हा सेन्सरच आधी दगा देतो. चिखल, गंज, तुटलेली तार, ढिले बेअरिंग, कारण कोणतेही असो. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर घातले, तरी वेगाचे गणित चुकते. डिफरेन्शियल लॉक केले की चाके परस्परांना बांधली जातात. म्हणून अशा अनेक गाड्यांत त्या वेळी एबीएस बंद राहते. दिवा लागला तरी साधा ब्रेक बहुधा चालू असतो आणि ‘ब्रेक तर लागतो आहे’ या समाधानातच धोका दडलेला असतो. पहिल्या पावसात निसरड्या वळणावर चाके जाम झाली, की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही.

लष्करी वाहनांचा प्रश्न याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२१ साली दिलेल्या अहवालानुसार, २०१० ते २०१९ या काळात तेथील भूदल व मरीन दलाच्या रणवाहनांचे युद्धाबाहेर ३,७५३ अपघात झाले आणि १२३ सैनिक प्राणास मुकले. त्यामागे प्रशिक्षण व देखरेखीतील उणिवा होत्या. जुन्या ‘हम्व्ही’ गाड्यांना एबीएस मागाहून बसवण्याचे कामही तेथे हाती घेण्यात आले. आपल्याकडे पंधरा वर्षांवरील सरकारी वाहने मोडीत काढण्याच्या २०२३ च्या नियमातून संरक्षण व अंतर्गत सुरक्षेची विशेष वाहने वगळली आहेत. सवलत समजण्यासारखी आहे. पण वयाची अट गेली की निगराणीची अट दुप्पट व्हावयास हवी. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी ‘डीआरडीओ’ची संस्था बीडच्या शेजारीच, अहिल्यानगरला आहे. जुन्या वाहनांच्या ब्रेकसुधारणेचा विचार तिने अग्रक्रमाने करावा.

३ जून २०१४ रोजी दिल्लीतील अपघाताने बीडचे लोकनेते गोपीनाथ मुंडे यांना हिरावून नेले. त्या अपघाताचे कारण वेगळे होते. त्यानंतर मागच्या आसनावरील पट्ट्याची देशभर चर्चा झाली. अशी जाग प्रत्येक वेळी मृत्यूनंतरच यावी काय?

परिवहन कार्यालयाने वाहनाच्या योग्यता तपासणीत किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागतो आणि विझतो, हे प्रत्यक्ष पाहावे. जुनी गाडी घेणाऱ्याने रंग पाहण्याआधी दिवा पाहावा. घरातील माणसे गाडीत बसवणाऱ्या प्रत्येकाचे एवढे तरी कर्तव्य आहेच.