देवाला नको, टेबलावर

मराठी घरात फुलं येतात ती देवासाठी. सकाळी दाराच्या कडीला पुडी अडकवलेली असते. तीत तगर, शेवंती, एखादं जास्वंद, दूर्वा, तुळस. अर्ध्या तासात सगळं देव्हाऱ्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं निर्माल्य होतं. माणसांच्या वाट्याला सणावारी गजरा, नाहीतर सत्कारातला सेलोफेनमध्ये गुदमरलेला गुच्छ. फुलदाणी असते ती शोकेसमध्ये, आणि तीत कापडी गुलाब, ज्यांच्यावरची धूळ दिवाळीला झटकायची.

वडील गेले तेव्हा सुतकात पूजा बंद, म्हणून पुडीही बंद. फोटोपुरता हार येई, तेवढाच. एका संध्याकाळी शेजारच्या काकू निशिगंधाची जुडी घेऊन आल्या. आई म्हणाली, "अहो, आत्ता कशाला? देवाला चालायची नाहीत." काकू स्वयंपाकघरात तांब्या शोधत म्हणाल्या, "देवाला नकोतच. तुमच्यासाठी आणलीयत." तांब्या जेवणाच्या टेबलावर बसला. आईचं दुःख त्यानं कमी झालं, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपणहून उठून त्यातलं पाणी बदललं. तोवर पाण्याचा पेलासुद्धा कोणीतरी तिच्या हातात देत होतं.

फुलांनी मन प्रसन्न होतं याला पुरावा मागितला, की अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचा २००५ सालचा अभ्यास हमखास पुढे येतो. जॅनेट हॅविलँड-जोन्स आणि सहकाऱ्यांनी काही स्त्रियांना घरपोच भेटी पाठवल्या. कुणाला फुलं, कुणाला फळांची करंडी, कुणाला मेणबत्ती. भेट हातात पडताच चेहऱ्यावर काय उमटतं, ते टिपलं. फुलं मिळालेल्या झाडून सगळ्याजणी अगदी डोळ्यांतूनही हसल्या, आणि काही दिवसांनीही त्यांची मनःस्थिती बरी होती. या कामाला तिथल्या फुलविक्रेत्यांच्या संघटनेचं पाठबळ होतं, हे सांगायचं मात्र बहुतेकजण विसरतात. म्हणून तो अभ्यास खोटा ठरत नाही. पण अवचित दारात आलेली भेट वेगळी आणि घरात रोज असणारं फूल वेगळं.

मला रॉजर उलरिक यांचं १९८४ सालचं काम जास्त पटतं. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. ती झाडं कोणी भेट म्हणून आणली नव्हती. ती नुसती तिथं होती.

वासाचं म्हणाल, तर त्याची वाट नाकातून मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या भागाकडे फार जवळून जाते. सोनचाफ्याच्या एका फुलानं अख्खं आजोळ उभं राहतं ते त्यामुळेच. पण नाक फार लवकर सरावतं. मग उरतं ते फुलाचं रोज बदलत जाणं. निशिगंध खालून वर उमलतो. खालची फुलं माना टाकतात तेव्हा शेंड्याच्या कळ्या अजून हिरवटच असतात. सुकलेली खुडायची, देठ तिरका कापायचा, पाणी बदलायचं. माझ्या मते गुण आहे तो या दोन मिनिटांच्या उस्तवारीत. कापडी गुलाबाला आपली काही गरजच नसते.

आता पुडीवाल्याला मी मधूनमधून एक जुडी वेगळी सांगते. पहिल्यांदा त्यानं विचारलं, "काही पूजा आहे का?" नव्हती. "मग पाहुणे?" तेही नव्हते. त्यानं जुडी दिली, पण शंका काही गेली नाही त्याची. (निशिगंध काय, झेंडू काय, दोघंही मूळचे मेक्सिकोचे. आपल्या देवांनी त्यांना कधी गाव विचारलं नाही.)

महागडी ऑर्किडं लागत नाहीत. चार शेवंत्या पसरट वाटीतल्या पाण्यात सोडल्या तरी पुरे. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात, तेव्हा त्या कामावरून आल्यावर जिथं टेकता तिथं ठेवाव्यात. फक्त फुलं फळांच्या टोपलीशेजारी नकोत. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू निघतो आणि फुलं लवकर सुकतात. आमच्या टेबलावर जागा एकाचीच होती, तेव्हा केळी फ्रिजवर गेली.