कोनशिला आहे, विद्यापीठ कोठे आहे?

हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात बिनोला नावाचे गाव आहे. २३ मे २०१३ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तेथे भारतीय राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची पायाभरणी झाली. ही कल्पना साठच्या दशकापासून कागदोपत्री फिरत होती. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने तिला आकार दिला, २०१० मध्ये मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्धही झाला. पायाभरणीला एक तप उलटले, पण त्या विद्यापीठातून पदवीधरांची एकही तुकडी बाहेर पडलेली नाही. मधल्या काळात सरकार बदलले, कोनशिला मात्र तीच राहिली. चीनचे राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठ १९८५ पासून चालू आहे आणि पाकिस्तानने आपल्या इस्लामाबादच्या संस्थेला २००७ मध्ये विद्यापीठाचा दर्जा दिला. ज्यांच्याशी आपला सामना आहे, त्यांना सुरक्षाधोरण हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय वाटतो. आपल्याला तो भाषणाचा विषय वाटतो.

गांधीनगरला २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ उभे राहिले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याचा मुख्य भर पोलीस व अंतर्गत सुरक्षेवर आहे. बिनोलाची पोकळी त्याने भरून निघत नाही.

‘सुरक्षा हे सैन्याचे काम, त्यात महाविद्यालयाने काय शिकवायचे?’ हा प्रश्न आपल्याच बैठकांतून अनेकदा विचारला जातो. सैनिक लढतो आणि उत्तम लढतो, त्याविषयी वाद नाही. पण कोणत्या क्षणी कोणी निर्णय घ्यायचा, कोणाचा शब्द अंतिम मानायचा, अर्धवट माहितीच्या आधारे कोणता धोका पत्करायचा आणि कोणता टाळायचा, हे सैनिक ठरवीत नसतो. ते सचिव ठरवतात, मंत्री ठरवतात, जिल्हाधिकारी ठरवतात. त्यांना हे कोणी शिकवले?

२४ डिसेंबर १९९९ रोजी अपहृत आयसी-८१४ विमान अमृतसरच्या धावपट्टीवर सुमारे पाऊण तास उभे होते. भूमी आपली, पोलीस आपले, दिल्लीत आपत्कालीन व्यवस्थापन गटाची बैठक चालू. तरीही विमान उडाले आणि पुढे कंदहारला जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. तेव्हाचे सरकार आपल्याला जवळचे होते, म्हणून हा प्रसंग वगळावा असे काहींना वाटेल. तो वगळणे म्हणजे अभ्यासच वगळणे होय. त्या पाऊण तासात धैर्याचा अभाव नव्हता. आधी शंभर वेळा पटावर खेळून पाहिलेल्या सरावाचा अभाव होता.

नऊ वर्षांनी मुंबईत तेच घडले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी समुद्रमार्गे उतरले. मानेसरहून निघालेले राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो शहरात पोहोचले तेव्हा पहाट झाली होती, कारण त्यांचे केंद्र एकट्या दिल्लीजवळ आणि मोठे विमान चंदीगडला. देशाच्या आर्थिक राजधानीपासून कमांडो इतके दूर ठेवणे हे धोरण होते की धोरणाचा अभाव? मुंबईत त्यांचे केंद्र उघडले ते २००९ मध्ये, १६६ माणसे गेल्यानंतर. राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने तर अधिक टोचणारी गोष्ट नोंदवली. अशा हल्ल्यात कोणी काय करायचे याची कार्यपद्धती लिहिलेली होती, ती पाळली गेली नाही. म्हणजे कागद होता, त्या कागदाचे अध्ययन केलेली माणसे योग्य जागी नव्हती. त्या रात्री ज्या पोलिसांनी प्राण दिले त्यांच्या शौर्यापुढे मान लवते, आणि म्हणूनच संताप होतो. व्यवस्थेने न केलेल्या तयारीची किंमत त्यांनी रक्ताने मोजली. कारवाई चालू असताना वाहिन्यांनी केलेल्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालपत्रात कठोर ताशेरे ओढले. संकटकाळी माहिती कोणाला, किती आणि केव्हा द्यावी, हाही याच विद्याशाखेचा एक संपूर्ण अध्याय आहे.

बरे, समुद्राकडून धोका येतो हे आपल्याला नवे होते का? १९९३ च्या स्फोटांतील आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले होते. त्याही आधी, १८ व्या शतकाच्या प्रारंभी, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग म्हटले, टोपीकरांपासून सावध राहण्यास बजावले, गडावरील दारूखाना वस्तीपासून दूर असावा इतक्या बारकाईने लिहिले. कौटिल्याने अर्थशास्त्रात आग, पूर, रोगराई, दुष्काळ अशी आठ महाभये मोजून प्रत्येकीवरचा उपाय सांगितला. हे ग्रंथ आम्ही उत्सवात मिरवतो. आपत्ती व्यवस्थापनाच्या वर्गात ते पाठ्य म्हणून किती ठिकाणी वाचले जातात?

आपत्तीची गोष्टही वेगळी नाही. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, कुलाब्याला त्याच्या दहा टक्केही नाही, आणि अर्धे शहर बुडत असल्याचे उरलेल्या अर्ध्याला कळले नाही. माधवराव चितळे समितीने नदी, नाले, भरती आणि पर्जन्यमापन यांची सविस्तर मांडणी केली. त्यानंतर ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ रोजी इर्शाळवाडी. कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, पण त्यांच्याकडे निवडणुकीपासून दुष्काळापर्यंत सारीच कामे. ज्याने हाच विषय शिकलेला आहे तो माणूस बहुधा कंत्राटावर, आणि त्याच्या टिपणीवर शेरा मारणारा कायम नोकरीत.

अभ्यासाला जागा नाही असेही नाही. चीनच्या आक्रमणानंतर हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, त्याच दशकात पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा विभाग उभा राहिला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी मिळते. तरी आपल्या मध्यमवर्गीय घरात मुलीने वा मुलाने या विषयाचे नाव काढले, की पहिला प्रश्न येतो, ‘पुढे नोकरी कुठली?’ अभियांत्रिकीच्या चार वर्षांनंतर परदेशी कंपनीचे संगणक सांभाळणाऱ्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. झ्यूरिकच्या तंत्रज्ञान संस्थेत सुरक्षाधोरण व संकट व्यवस्थापन यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला गेला, लंडनच्या किंग्ज महाविद्यालयात युद्धशास्त्राचा विभाग साठ वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे. तेथील विद्यार्थी आपल्या सीमांवर प्रबंध लिहितात आणि आपण ते विकत घेऊन वाचतो.

दोष पालकांचा एकट्याचा नाही. अनेक महाविद्यालयांत हा विषय युद्धांच्या सनावळ्या आणि मार्गदर्शिकांच्या पाठांतरावर आटोपला जातो. संशोधकाला दस्तऐवज मिळत नाहीत. १९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल शासनाने आजही अधिकृतपणे खुला केलेला नाही, आणि त्याचे काही भाग २०१४ मध्ये देशाला वाचायला मिळाले ते एका परदेशी पत्रकारामुळे. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये जुनी कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले, ते स्वागतार्ह आहे. मग साठ वर्षांपूर्वीचा पराभव तरी अभ्यासकांच्या हाती का दिला जात नाही? सरसेनाध्यक्षपदाची शिफारस मंत्रिगटाने २००१ मध्ये केली आणि पहिल्या सरसेनाध्यक्षांनी पदभार स्वीकारला तो २०२० च्या पहिल्या दिवशी. एकोणीस वर्षे या प्रश्नाचा पिच्छा पुरवणारे अभ्यासक विद्यापीठांत असते, तर तो इतका रेंगाळला असता का?

आणखी एक गोष्ट, जी बदलायला पायाभरणी लागत नाही की इमारतही लागत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ऐच्छिक विषय म्हणून पशुसंवर्धन घेता येते, मानववंशशास्त्र घेता येते. त्या विषयांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण जो उमेदवार उद्या एखाद्या सीमावर्ती जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होणार आहे, त्याला संरक्षण व सामरिक शास्त्र घेता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पात्रता परीक्षेत हा विषय आहे, म्हणजे तो शिकवण्यास योग्य मानला गेला आहे. तो जाणणाऱ्याने प्रशासनात यावे की नाही, एवढेच अद्याप ठरायचे आहे. आपल्या खासदारांना हे विचारण्यासाठी अधिवेशनाची वाट पाहण्याची गरज नाही.