रीत वेगळी म्हणजे माया उणी नव्हे

नाताळच्या सुट्टीत परदेशातून आलेली मुले आणि त्यांची वाट पाहणारी घरची वडीलधारी मंडळी एकत्र बसली की एक ठरावीक खटला उभा राहतो. आरोपीच्या पिंजऱ्यात दूरचा देश असतो आणि निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो. 'तिकडे शेजाऱ्याकडेही आगाऊ कळवून जावे लागते', 'तिकडे मित्रमित्रसुद्धा जेवणाचे पैसे वेगवेगळे देतात', 'तिकडे प्रत्यक्ष आईचेही ऊठसूट आभार मानतात'. सबब, तिकडे माया नाही! हा निकाल आम्हांस मुळीच मान्य नाही. आणि तो ख्रिस्ती घरांत इतक्या सहजपणे दिला जावा, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

वस्तुतः आभाराचीच गोष्ट घ्या. पानात भाकरी वाढणाऱ्या आईचे मुलाने आभार मानले, तर मराठी माउलीला आपण परकी झालो की काय, असे वाटेल. आपल्याकडे आभार परक्याचे मानायचे असतात. घरच्यांचे ऋण मुकाट्याने बाळगायचे असते. इंग्लंडमध्ये तोच शब्द न उच्चारणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रमांची दखल न घेणे. कृतज्ञता दोहोंकडे आहे. इकडे ती मौनात राहते, तिकडे ओठांवर. भेटीगाठींचेही तसेच. वैदर्भीय उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून बसणाऱ्याचे दार येणाऱ्याजाणाऱ्यास आपसूकच उघडे राहते. जिथे थंडी दारे बंद करावयास लावते आणि पतिपत्नी दोघेही घड्याळाच्या काट्यावर राबतात, तिथे आधी कळवणे हाच आदर ठरतो.

दुसरा पक्षही आमच्या टीकेतून सुटू नये. दोन वर्षे बाहेर राहून आलेल्या काहींना इथल्या आत्याबाईंनी पगार विचारला की तो आगाऊपणा वाटतो. त्या प्रश्नामागे पुष्कळदा 'पोराचे बरे चालले आहे ना' एवढीच काळजी असते, हे ते विसरतात. अर्थात, सगळेच 'रीत' म्हणून पाठीशी घालावे, असे आम्ही म्हणत नाही. रांग मोडणे, रस्त्यावर थुंकणे, हुंडा घेणे, जात विचारून पंगत मांडणे या रीती नव्हेत, हे दोष आहेत. कारण त्यांनी शेजाऱ्याला इजा पोचते. कसोटी तेवढीच.

ख्रिस्तसभेने ही कसोटी केव्हाच स्वीकारली आहे. 1969 साली भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने उपासनेतील बारा बदलांना मान्यता दिली. पादत्राणे काढून ठेवणे, जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, शांतीचे अभिवादन नमस्काराने करणे यांस त्यामुळे वाट मिळाली. खूण बदलली, भक्ती बदलली नाही. त्याच्याही कितीतरी आधी, 1579 साली, फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. इथली भाषा परकी म्हणून तो नाक मुरडत बसला नाही. ती शिकला आणि 1616 साली छापून निघालेले 'ख्रिस्तपुराण' त्याने मराठीच्या ओवीत रचले. नव्या देशात कसे राहावे, याचा याहून थोर धडा आपल्याला कोणता हवा?

परंतु हा धडा केवळ विमानात बसणाऱ्यांसाठी आहे काय? खापरखेड्याकडे पाहा. सावनेर तालुक्यातले हे गाव आज 1340 मेगावॅटच्या वीजकेंद्रामुळे ओळखले जाते. सिल्लेवाडा, वलनी या कोळसा खाणी त्याच्या शेजारी आहेत. वीज आणि कोळसा यांच्या मागोमाग माणसे येतात, परप्रांतांतूनही येतात. झारखंडहून वा केरळहून आलेल्या कॅथलिक कुटुंबाला अशा वसाहतीत भाषा, जेवण, लग्नाची रीत सारेच नवे असते. त्याच्यापुरता हाही परदेशच होय.

आता विरोधाभास पाहा. कुवेतमध्ये किंवा कतारमध्ये सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून आपली मुले शुक्रवारी मिस्साला जातात. तिथे कोकणी वा मल्याळम मिस्सा मिळाली की आपला समाज धन्य होतो आणि ते त्या देशाचे कर्तव्यच मानतो. मात्र आपल्या चर्चमध्ये कुणी सादरीतले गीत गायिले की काही कपाळांवर आठ्या उमटतात. दूरच्या देशाने आपल्याला सामावून घ्यावे, पण आपल्या बाकावर परका नको! हा कुठला न्याय? परक्याचे स्वागत म्हणजे आपलेच स्वागत, असे मानणाऱ्या प्रभूपुढे आपण हा हिशेब कसा मांडणार?

म्हणून आमचे मागणे रोकडे आहे. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून काही रविवारी पाहुण्या भाषेतील एक तरी गीत गावे. नव्याने आलेल्या कुटुंबाला मिस्सानंतर दारातच गाठून घरी चहाला न्यावे. त्यांच्या मुलांना मराठी शिकवावी आणि त्यांचे दोन शब्द आपणही शिकावे. एवढे केल्यावर मग खुशाल ठरवावे, माया कुठल्या देशात कमी आहे ते.