‘१-१-१’ नको, घड्याळाची वेळ लिहा

शिरपूर, साक्री, चोपड्याहून पार्किन्सन्सचा रुग्ण धुळ्या-जळगावला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला येतो. परतताना हाती चिठ्ठी असते: लेव्होडोपा-कार्बिडोपा, १-१-१. माझा आक्षेप या तीन आकड्यांना आहे.

या आजारात मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. बाहेरून दिलेलं डोपामाइन मेंदूत शिरत नाही; लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामाइन होतं. कार्बिडोपा त्याला वाटेत वाया जाऊ देत नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपाच्या मोठ्या मात्रेचा गुण दाखवून दिला. आजही हेच मुख्य औषध आहे. मात्र त्याचा असर काही तासांचाच. आजार जुना झाला, की गोळीला उशीर होताच पाय जमिनीला खिळतात.

त्यात जेवणाची गाठ. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने शोषली जातात. वरण-बट्टी किंवा कळण्याची भाकरी आणि उडदाची दाळ पोटात असेल, तर गोळी लागू पडायला वेळ लागतो. दाळ सोडू नका. साधारणपणे गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. ‘१-१-१’ वाचून घरचे मात्र तिन्ही गोळ्या जेवणावरच देतात.

पट्टीवरचा आकडाही तपासा. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा, २७५ म्हणजे २५०. दुकानात एकीऐवजी दुसरी घेऊ नका. खाजकुइलीच्या बियांत मुळातच लेव्होडोपा असतं, म्हणून तिचं चूर्ण डॉक्टरांना न सांगता घेणं म्हणजे न मोजलेला जादा डोस. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड डोपामाइनलाच अडवतं, तेव्हा इंजेक्शन घेण्याआधी आजार सांगा. भास झाले, उठताना चक्कर आली, तर डॉक्टरांना कळवा. गोळी मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर तीव्र ताप आणि ताठरता येऊन जिवावर बेतू शकतं.

धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी पार्किन्सन्सच्या प्रत्येक चिठ्ठीवर घड्याळाची वेळ लिहावी आणि रुग्ण वॉर्डात भरती असतानाही तीच पाळावी. याला ना निधी लागतो, ना मंजुरी. तोवर रुग्णाच्या माणसांनी डॉक्टरांपुढून उठण्याआधी विचारावं, ‘किती वाजता?’ आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावं.